उद्धवरावांची हिरवळ

मन्नाएखेळ्ळीहून चिटगुप्प्याच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला पहिलं दुमजली घर उद्धवरावांचं. गुलाबी रंग, गच्चीवर सिमेंटचे दोन सिंह आणि फाटकावर पितळी अक्षरांत 'पल्लवी निवास'. पल्लवी त्यांची लेक. ती लग्न होऊन उदगीरला गेली त्याला जमाना झाला, पण पितळेचा भाव बघता घराला नाव तिचंच राहिलं. उद्धवरावांचं हायवेवर बी-बियाण्याचं आणि खताचं दुकान होतं. शेतकऱ्यांना शेती शिकवण्यात त्यांची सगळी हयात गेली. स्वतःचं रान मात्र त्यांनी बटईनं, निम्म्या वाट्यावर, दिलं होतं आणि तिकडं ते फिरकत नसत, कारण चपलेला चिखल लागतो.

तर या फाटकापासून डांबरापर्यंत मातीची एक पट्टी होती. कागदोपत्री ती सरकारची आणि वापरात सगळ्या गावाची. पट्टीवर एक कडुनिंब होता. त्याच्या सावलीला अमरेशची टमटम लागायची, चिटगुप्प्याला जाणारी माणसं सीट भरेपर्यंत तिथंच टेकायची, आणि गंगव्वा नावाची म्हातारी पेरूची पाटी घेऊन बुंध्याला पाठ लावून बसायची. माणसं बसली की बोलणार, बिड्या ओढणार, थुंकणार. उद्धवरावांच्या जिवाचा नुसता संताप व्हायचा. एवढं घर बांधलं ते रस्त्यावरून दिसावं म्हणून, आणि दिसतं काय तर टमटम!

"दारापुढची जागा कुणाची असती?" ते बायकोला विचारायचे.

"दारापुढनं जानाऱ्याची," कलाबाई म्हणायच्या. त्या कमठाण्याच्या, शेतकऱ्याच्या घरच्या. त्यांच्या तोंडाला लागण्यात अर्थ नाही हे उद्धवरावांना लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच कळलं होतं, पण सवय सुटत नव्हती.

त्यात एक आतली गोष्ट होती. कंपाउंडची भिंत बांधताना ती दीड हात पुढं सरकली होती. भिंती आपोआप सरकत नाहीत हे खरं, पण उद्धवराव सांगताना 'सरकली' असंच सांगायचे. पुढची पट्टी एकदा आपली झाली की दीड हाताचं कुणी विचारणार नाही, असा त्यांचा हिशेब होता.

दिवाळीला ते हैदराबादला पोराकडं, हरिओमकडं, जाऊन आले. हरिओमच्या कॉलनीत प्रत्येक घरापुढं, रस्त्याच्या कडेला, कापलेली हिरवळ आणि ओळीनं पामची झाडं. चिटपाखरू नाही. कुणी बसलेलं नाही, कुणी कुणाला हाक मारत नाही. ते बघून उद्धवरावांना भरून आलं. सरकारची जागा गाजावाजा न करता आपली कशी करावी हे त्यांना तिथं उमगलं. भिंत घातली की नोटीस येते, बाग केली की सत्कार होतो.

परत आल्यावर पहिलं काम त्यांनी केलं ते म्हणजे कडुनिंब पाडला. तोही रविवारी, सगळ्या कचेऱ्या बंद असताना.

"अप्पा, झाड कामून पाडलाव?" पाटी डोक्यावर घेत गंगव्वानं विचारलं.

"झाडं लावायचीत म्हणून."

आपण शाळेत गेलो नाही याचं गंगव्वाला वाईट वाटलं असावं. ती रस्त्याच्या पलीकडं उन्हात जाऊन बसली.

मग बीदरच्या नर्सरीतून टेम्पो भरून गवताचे तुकडे आले, पामची रोपं आली. उद्धवरावांनी स्वतः उभं राहून गवत अंथरून घेतलं. आता खत घालायचं तर खताचं दुकान घरचंच. गोणीवर लिहिलेलं प्रमाण शेतकऱ्यांसाठी असतं, आपल्याला काय त्याचं, असं म्हणून त्यांनी युरिया मुठीनं नाही, घमेल्यानं फेकला. आठ दिवसांत हिरवळ करपली. ज्वारी काढून नेलेल्या रानासारखी पिवळीजर्द दिसायला लागली. पामांनीही माना टाकल्या. तेव्हा उद्धवरावांनी बटईदाराच्या गंजीतून कडब्याच्या पेंढ्या मागवल्या आणि रोपांना ऊन लागू नये म्हणून मागनं आणि वरनं आडोसा उभा केला. येणारेजाणारे थांबून बघायचे. उद्धवरावांना वाटायचं, बाग बघायलेत.

टमटम काही हटेना. अमरेश म्हणाला, "अप्पा, झाड गेलं म्हणून ठेसन जातंय व्हय?" आणि करपलेल्या हिरवळीवर त्यानं गाडी लावली. बाग म्हणजे करायला गेलो गणपती अन् झाला माकड अशी गत. पण उद्धवराव हार मानणारे नव्हते. त्यांनी शेताच्या बांधावरचे पाच दगड आणवले, गाडी शिरू नये म्हणून कडब्याच्या पुढं ओळीनं रोवले आणि रात्री दिसावेत म्हणून त्यांना चुना लावला. चुनासुद्धा स्वतःच्या हातानं लावला. मजूर वाया घालवतात.

कलाबाई ओसरीत तूर निवडत होत्या. त्यांनी मान वर करून बघितलं. पिवळं रान, कडब्याचा आडोसा आणि त्यापुढं पांढरेशुभ्र पाच दगड. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ काढला नाही.

"कसं वाटायलंय?" उद्धवरावांनी विचारलं.

"लई झ्याक. म्हायेरच्या आमच्या अप्पाची आठवन आली," त्या म्हणाल्या. उद्धवराव खूश झाले.

आमच्या भागातल्या शेंबड्या पोरालाही त्या पाच दगडांचा अर्थ विचारा, ते सांगेल. मार्गशीर्षातली अमावस्या म्हणजे येळवस. त्या दिवशी गाव ओस पडतं आणि सगळं रानात जातं. रानात कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, करायची, तिच्यात पाच दगड मांडून त्यांना चुना लावायचा. ते पाच पांडव. त्यांना शेंगापालेभाज्यांच्या भज्जीचा आणि ताकातल्या अंबिलीचा निवद दाखवायचा, होलगे होलगे म्हणत रानभर अंबील शिंपडायची आणि मग पोट तडीला लागेपर्यंत जेवायचं. ज्याला रान नाही त्याला रानवाल्यानं हाक मारून न्यायचं, अशी रीत. उद्धवरावांनी कित्येक वर्षांत कुणाला हाक मारली नव्हती. शेतीबद्दल सगळं जग त्यांना विचारून चालायचं, आणि हे मात्र त्यांच्या ध्यानात आलं नाही. चिखलाबरोबर माणूस काय काय झटकून टाकतो बघा.

येळवस उजाडली. गंगव्वा रानाविना माणूस. कुणाची तरी गाडी हाक मारील म्हणून ती सकाळी अंबिलीचं गाडगं घेऊन रस्त्याला आली आणि समोर बघते तर काय, कोप तयार! पांडव तयार! तिनं गाडगं खाली ठेवलं, हळदकुंकू वाहिलं आणि साष्टांग नमस्कार घातला. टमटमच्या माणसांनी चपला काढल्या. गावात मागं राहिलेले सगळे, कुणी भाड्यानं राहणारे, कुणी रान विकून बसलेले, आपापली भज्जी घेऊन तिथं गोळा झाले. उद्धवराव बटईदारानं आणून दिलेलं जेवून आत घोरत होते. होलगे होलगेच्या आरोळीनं ते दचकून उठले आणि बनियनवरच बाहेर आले. हिरवळीवर पंगत बसली होती.

"उठा! काय लावलाव हे? बाग हाय ही!"

"व्हय की अप्पा," गंगव्वा हात जोडून म्हणाली. "ज्यास्नी रान न्हाई त्यास्नी तुमी रान केलाव. देव तुमचं भलं करो. बसा, खावा."

ती हे मनापासून म्हणत होती, म्हणून तर उद्धवरावांना जास्त झोंबलं. ते कलाबाईंना हाक मारणार, तर कलाबाई पंगतीतच होत्या, भज्जीचं पातेलं घेऊन वाढत. उद्धवराव आत गेले आणि दार लावून घेतलं.

दगड उपटून टाकायचे हे त्यांनी त्याच दिवशी ठरवलं. पण हळदकुंकू लागलेल्या दगडाला हात लावायला माणूस मिळेना. स्वतः उचलावेत तर कंबर. या घोळात काही दिवस गेले, आणि एका सकाळी फाटकापुढं जेसीबी येऊन थांबला. बरोबर रस्त्याच्या कचेरीतली इंजिनिअर होती, पंचशीला नावाची. बौद्ध घरातली, बीदरची मुलगी, मोजकं बोलणारी.

"काका, ह्या पट्टीतनं गटार जाणार हाय," ती म्हणाली. "झाडं, दगड निघतील. आन तुमची भिंत दीड हात पुढं आलीय, ती पन मागं घ्यावी लागंल."

ज्या दीड हातासाठी उद्धवरावांनी एवढा खटाटोप केला, तो दीड हातच या पोरीनं पहिल्या दमात काढला होता. जेसीबीवाला खाली उतरून दगडांकडं बघत होता.

"म्याडम, हळदकुकू दिसायलंय," तो म्हणाला.

"देवस्थान हाय का हे, काका?" पंचशीलानं विचारलं.

टमटममधली सगळी माणसं माना लांब करून ऐकत होती. खरं बोललं की दीड हात भिंत जाणार, अशी वेळ आल्यावर खरं बोलणारा माणूस आमच्या तालुक्यात अजून जन्मायचा आहे.

"व्हय," उद्धवराव म्हणाले. "पांडव हायत. आमच्या आज्यापासूनचे."

"मागल्या साली मी मोजायला आलते, तवा दिसले न्हाईत."

"झाडाआड व्हते. झाड पडलं, मग दर्शन झालं."

आपल्याला हे इतक्या झटक्यात सुचलं याचं उद्धवरावांना स्वतःलाच कौतुक वाटलं. त्या भरात त्यांनी मधल्या, सगळ्यांत थोराड दगडावर हात ठेवला आणि म्हणाले, "हा भीम. ह्याच्या माथ्यावर हात ठिवून सांगतो."

पंचशीलानं ते वहीत लिहून घेतलं. "माझा ह्यात इस्वास न्हाई, काका. पन तुमच्या भावनेचा मान राखावा लागतो. वर कळवते."

जेसीबी आला तसा परत गेला. गंगव्वानं उद्धवरावांच्या पाया पडून घेतलं.

त्या दिवसापासून उद्धवरावांचं नशीब फळफळलं असं त्यांना वाटलं. अमरेशनं कमिटी काढली आणि उद्धवरावांना अध्यक्ष केलं. आज्याचा नांगर इथंच कसा अडला, आज्याला स्वप्न कसं पडलं, हे ते दुकानात गिऱ्हाइकाला खताबरोबर फुकट सांगायला लागले. आज्यानं हुमनाबादला आयुष्यभर किराणा विकला होता आणि नांगर त्यानं फक्त रस्त्यानं जाताना बघितला होता. पण गोष्ट चांगली होती. मन्नाएखेळ्ळीत ती तोंडोतोंडी झाली. कुणाच्या पोराचा ताप उतरला, कुणाची म्हैस सापडली. कडब्याच्या जागी पत्रे आले, पत्र्याला घंटा आली, मग भोंगा आला. गंगव्वा पेरूची पाटी घेऊन परत पट्टीवर आली आणि आता पाटीत नारळही असायचे. लोक तिला पुजारीण म्हणायला लागले. दर अमावस्येला पंगत. फाटकातनं गाडी निघेना, तेव्हा उद्धवरावांनी गाडी दुकानापाशी लावायला सुरुवात केली. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, हे त्यांना कळत होतं. पण भिंत शाबूत होती. भोंगा वाजायला लागला की ते कानात कापूस घालून भिंतीकडं बघत बसायचे.

पाडवा झाला आणि पुढच्याच अमावस्येला, भर पंगतीत, पंचशीला जेसीबी घेऊन परत आली. तिनं फाटकाच्या खांबावर लाल रंगाची फुली मारली.

"हे काय करायलाव?" उद्धवराव धावत आले.

"मंजुरी आली, काका. तुमच्या देवाला कुणी हात लावनार न्हाई," पंचशीला म्हणाली. "गटार देवाच्या मागनं वळवलीय."

"मागनं म्हंजे कुठनं?"

"फाटकातनं. भिंत समदी जाईल, ओसरीची ही बाजू जाईल. तुमी दार गल्लीकडनं काढून घ्या."

ते फाटक उद्धवरावांनी सोलापूरहून घडवून आणलं होतं. या दारानं ते रोज शर्टाला इस्त्री करून बाहेर पडत, आणि बाहेर पडताना आपण कुणीतरी आहोत असं त्यांना वाटायचं. आता गल्लीतनं, चोरासारखं, आपल्याच घरात शिरायचं! त्यांनी पंचशीलापुढं हात जोडले.

"म्याडम, ते देव न्हाईत."

"काय?"

"दगड हायत. बांधावरचे. टमटम थांबू नये म्हणून म्याच आनून रोवले. चुना म्याच लावला. आईशपथ."

पंगत जेवायची थांबली. उद्धवराव आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या माणसांपुढं खरं बोलले होते, आणि एकानंही ते खरं मानलं नाही.

"अप्पा, देवाला दगड म्हनायलाव?" अमरेश उठून उभा राहिला. "आन तो नांगर? ते सपान?"

"तसं काई नव्हतं रे! किराना दुकान व्हतं आज्याचं!"

"स्वताच्या आज्याला बी सोडिना झालाय," पंगतीतनं कुणीतरी म्हणालं.

गंगव्वानं पांडवांपुढं पदर पसरला. "देवा, त्याचं मनावर घिऊ नको. ओसरी जायलीय म्हणून त्याचं टकुरं फिरलंय."

उद्धवराव कलाबाईंकडं वळले. "तू तरी सांग. मी चुना लावायलो व्हतो तवा तू समोर व्हतीस का न्हाई?"

"व्हते की," कलाबाई म्हणाल्या. "येळवसंला पांडवास्नी चुना लावतेतच. समदेच लावतेत."

त्यांच्या तोंडावरची रेघही हलली नाही. उद्धवराव शेवटी पुन्हा पंचशीलाकडं गेले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, तुमी तर बुद्धाच्या. तुमचा तरी दगडाधोंड्यावर इस्वास न्हाई. तुमी सांगा ह्यास्नी."

एरवी तिच्या समाजातल्या, तिच्या बापाच्या वयाच्या माणसांनाही ते दुकानाच्या पायरीवरून एकेरीत हाक मारत. आज 'ताई' आपसूक तोंडात आलं.

"माझा न्हाई, काका. तुमचा हाय," पंचशीला म्हणाली. "भीमाच्या माथ्यावर हात ठिवून तुमी सांगितलाव, मी तेच वर कळवलं. आता न्हाई म्हनायचं तर मला न्हाई, ह्या समद्यास्नी म्हना."

तिनं जेसीबीवाल्याला खूण केली. पण जेसीबीवाला हात बांधून उभा राहिला. म्हणाला, देवाचा अपमान झालाय, अप्पांनी माफी मागितल्याबगर मशीन सुरू करणार नाही. उद्या आपल्यावर काही आलं तर बायकापोरं कुणी बघायची?

उद्धवरावांच्या डोक्यात एकदम उजेड पडला. माफी मागितली नाही तर मशीन सुरू होणार नाही, आणि मशीन सुरू झालं नाही तर फाटक राहील. ते ताठ झाले. "मी माफी मागनार न्हाई," ते म्हणाले. "दगड म्हंजे दगड!" क्षणभर त्यांना खरोखरच बरं वाटलं. मोठा सुधारक झाल्यासारखं वाटलं.

अमरेशनं गर्दीकडं तोंड केलं. "ऐकलाव ना? मग पेरनीला ह्यांच्या दुकानातनं बी-खत कुनी घ्यायचं न्हाई. देवाला दगड म्हननाऱ्याचं बी रानात उगवायचं बी न्हाई."

माना हलायला लागल्या. एकेका मानेबरोबर उद्धवरावांना खताच्या गोण्या दुकानात तशाच पडलेल्या दिसल्या. सुधारणा तिथंच आटोपली.

"नारळ द्या," ते म्हणाले.

गंगव्वानं पाटीतला चांगला निवडून दिला. उद्धवरावांनी चपला काढल्या, भीमापुढं गुडघे टेकले. "देवा, चुकलं," ते पुटपुटले.

"मोठ्यानं," कलाबाई मागनं म्हणाल्या. "मागच्यास्नी ऐकू गेलं न्हाई."

"देवा, चुकलं! माफ कर!"

नारळ एका दणक्यात फुटला. लोकांनी चांगभलं केलं, मशीन घरघरलं आणि फाटकाचा पहिला खांब मुळासकट वर आला. कुणीतरी उद्धवरावांच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. सगळे बघत होते, तेव्हा तो कपाळाला लावून त्यांनी तोंडात टाकला. खोबरं गोड होतं, आणि सगळ्यात जास्त राग त्यांना त्याचाच आला.